वाचक विचारतात : बाळाचा इसब आटोक्यात का येत नाही?

लहान मुलांच्या इसबाबद्दल, म्हणजे ॲटोपिक डर्माटायटिसबद्दल, आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळी मुलं पाच वर्षांच्या आतली आणि सगळ्यांचा आजार तीव्र आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी १४ महिन्यांची आहे. चौथ्या महिन्यापासून इसब आहे. हात, पाय, पाठ, गाल, सगळीकडे. रात्रभर खाजवते, चादरीला रक्त लागतं. डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावलं की चार दिवसांत बरं वाटतं, बंद केलं की आठवड्यात पुन्हा तेच. तीन डॉक्टर झाले. क्रीम जपून वापरतो, १५ ग्रॅमची नळी महिनाभर पुरते. नेमकं कोणतं क्रीम चांगलं? (आई, नाशिक)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: नळी महिनाभर पुरते. एवढ्या पसरलेल्या इसबात ती महिनाभर पुरत असेल, तर पुरेसं औषध त्वचेवर पोचलेलंच नाही. क्रीम बदलण्याआधी मात्रा तपासा.

मोजायची पद्धत सोपी आहे. नळीचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत क्रीमची सलग वळी काढा. ती झाली एक मात्रा, सुमारे ०.५ ग्रॅम. एवढं क्रीम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांइतक्या (बोटांसह) जागेला पुरतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चेहरा-मान मिळून दीड मात्रा, एका पूर्ण हाताला दीड, एका पूर्ण पायाला दोन, छाती-पोटाला दोन आणि पाठ-कुल्ल्यांना तीन लागतात. तुमच्या मुलीचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय पूर्ण भरले असतील तर एका वेळेला सात मात्रा, म्हणजे साडेतीन ग्रॅम झाले. १५ ग्रॅमची नळी चार वेळांत संपली पाहिजे. ठिपका ठिपका लावून चोळत पसरवलेलं क्रीम नावालाच लागतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही थांबता फार लवकर. लाली चार दिवसांत उतरते, पण आतली सूज तेवढ्यात जात नाही. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा. खरखरीत किंवा जाड लागत असेल तर इसब अजून आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत, कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत रोज लावायचं. हे क्रीम म्हणजे बहुधा सूज उतरवणारं स्टेरॉइड असतं: शरीरासाठी फ्लुटिकासोनसारखं मध्यम ताकदीचं आणि चेहऱ्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असं सौम्य. कुठली नळी कुठे, हे मार्कर पेनने नळीवरच लिहून ठेवा, म्हणजे रात्रीच्या घाईत अदलाबदल होणार नाही. इसब पूर्ण उतरल्यावरही ज्या जागी तो सारखा परततो तिथे आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, समजा शनिवार-रविवार, तेच क्रीम काही महिने लावायची पद्धत आहे. 'बंद केलं की परत येतं' या चक्रावर सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल मुद्दाम विचारा.

तिसरी गोष्ट मॉइश्चरायझर. तो रोज लावायचा, इसब असो वा नसो. अंगभर इसब असलेल्या लहान मुलाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम लागतो. आकडा ऐकून पालक दचकतात, कारण महागड्या बाटल्यांचा हिशोब त्यांच्या डोळ्यांपुढे येतो. महाग लागत नाही. बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिनचं मलम उत्तम चालतं. उन्हाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जेलीखाली घाम कोंडून घामोळं येतं, तेव्हा दिवसा क्रीम आणि रात्री मलम असं वाटून घ्या. डब्यातून घेताना बोट बुडवू नका, स्वच्छ चमच्याने काढा. लव ज्या दिशेने वाढते त्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने लावा. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर एकावर एक लगेच लावू नका, मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. आधी कुठलं, याने फारसा फरक पडत नाही.

नातू दोन वर्षांचा आहे. डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. आमच्याकडे म्हणतात, इसब बाहेर पडू द्यावा, मलमाने दाबला तर आत जातो आणि दमा होतो. शेजारच्या मुलाला तसंच झालं. सुनेला मी लावू देत नाही. माझं चुकतं का? (आजी, सोलापूर)

आजी, शेजारच्या मुलाला इसबानंतर दमा झाला असेल, ते खोटं नाही. पण तो मलमामुळे नाही. इसब, दमा आणि सर्दी-शिंका ही एकाच ॲलर्जिक प्रवृत्तीची रूपं आहेत, आणि ती बहुतेक वेळा घराण्यातून येते. इसब तान्हेपणी दिसतो, दमा पुढे दोन-चार वर्षांनी. त्यामुळे मधल्या काळात लावलेल्या मलमावर आळ येतो. मलम न लावलेल्या मुलांनाही दमा होतोच. उलट, इसब जितका तीव्र तितका पुढच्या दम्याचा धोका जास्त, म्हणून त्याला मोकळं सोडण्यात काही मिळवणं नाही.

यात 'रक्त बिघडलेलं' नसतं आणि बाहेर पडायला आत काही साठलेलंही नसतं. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं, जे त्या थराला घट्ट आणि ओलसर ठेवतं. बऱ्याच मुलांत ते जन्मतःच कमी असतं. मग पाणी बाहेर उडून जातं, बाहेरचे जंतू आणि धूळ आत शिरतात, सूज येते, खाज सुटते आणि खाजवण्याने भिंत आणखी फुटते. सूज उतरवणारं मलम हे चक्र थांबवतं.

स्टेरॉइडची भीती मात्र अगदीच निराधार नाही. जोरदार ताकदीचं औषध (क्लोबेटासोलसारखं) चेहऱ्यावर, पापण्यांवर, काखेत, जांघेत किंवा लंगोटाखाली महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, डोळ्यांचा दाब वाढू शकतो. सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या मुदतीत लावलेलं मलम असं करत नाही. सुनेला लावू द्या. आणि तुम्हाला जमत असेल तर रोजचं मॉइश्चरायझर लावायचं काम तुम्हीच घ्या. दिवसातून दोन-तीनदा निगुतीने लावणारे हात घरात असले की फार फरक पडतो.

आमच्याकडे बाळाला मालीश, डाळीच्या पिठाची आंघोळ आणि नंतर ओवा-लसणाची धुरी देतात. बोअरचं पाणी जड आहे. यातलं काय चालेल? डॉक्टर म्हणाले रोज आंघोळ नको. (आई, लातूर)

धुरी बंद. या बाळांची त्वचा आणि श्वासनलिका दोन्ही धुराने चिडतात, त्यात तडजोड नको.

डाळीचं पीठही बंद. कोरड्या त्वचेवर ते घासलं जातं, तेल ओढून घेतं आणि फुटलेल्या कातडीतून खाद्यपदार्थाचं प्रथिन आत गेलं की त्याच पदार्थाची ॲलर्जी होऊ शकते. उटणं, दूध-साय, गव्हाचा कोंडा यांनाही हेच लागू. हळद-चंदनाचे लेप नकोत.

मालीश थांबवायची गरज नाही, रगडणं थांबवा. मालीशवाल्या बाईंना स्पष्ट सांगा की जोर लावायचा नाही, आणि चिघळलेल्या जागी हात लावायचा नाही. खोबरेल चालतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल त्वचेची भिंत कमकुवत करतं, ते टाळा. तेल लावलं म्हणून मॉइश्चरायझर सुटत नाही.

रोज आंघोळ घालायला हरकत नाही, पण ती या पद्धतीने: पाणी कोमट, कोपराला जेमतेम उबदार लागेल एवढंच. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते आणि तासाभरात दुप्पट होते. वेळ पाच ते दहा मिनिटं. साबणाऐवजी बिनवासाचा, फेस न होणारा सौम्य क्लेन्झर, तोही मळलेल्या जागांपुरता. 'जंतुनाशक' म्हणून विकले जाणारे साबण नकोत. पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. त्यासाठी डबा न्हाणीघराच्या दारातच हवा. डबा शोधण्यात दहा मिनिटं गेली तर त्वचेतलं पाणी उडून जातं आणि आंघोळीने फायद्याऐवजी नुकसान होतं. 'रोज आंघोळ नको' हा सल्ला बहुधा या शेवटच्या पायरीशिवायच्या आंघोळीसाठी असतो.

जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतो, हे खरं. पण पाणी मऊ करणारं यंत्र बसवून इसब सुधारतो का, याची इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली. २०११ साली निकाल आले, फायदा दिसला नाही. यंत्राचे पैसे मॉइश्चरायझरला वापरा. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, म्हणून बाळाचे कपडे मात्र एकदा जास्त खंगाळा. नवा कपडा धुतल्याशिवाय घालू नका. लोकरीची कुंची-स्वेटर थेट अंगाला लागता कामा नये, आत सुती कपडा हवा.

रक्ताच्या तपासणीत दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, तूरडाळ असं सगळं 'पॉझिटिव्ह' आलं. सगळं बंद केलं. चार महिन्यांत इसब तसाच, पण वजन वाढत नाही. मुलगा दीड वर्षाचा आहे. (वडील, पुणे)

ज्या डॉक्टरांकडे वजन-उंचीची नोंद आहे त्यांना आजच दाखवा आणि आहार परत सुरू करण्याची योजना आखा. हे जास्त काळ चालू ठेवण्यासारखं नाही.

त्या तपासणीत एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) रक्तात आहे एवढंच कळतं. तो पदार्थ खाल्ल्याने त्रास होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. तीव्र इसब असलेल्या मुलांत एकूण आयजीईच खूप वाढलेलं असतं, त्यामुळे अशा याद्या लांबच लांब येतात. लक्षणं काहीच नसताना अशी अनेक पदार्थांची सरसकट तपासणी करूच नये. खरी अन्नाची ॲलर्जी ओळखायची खूण वेगळी आहे: पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर. असं कधी झालं असेल तर तो पदार्थ घरी परत देऊन बघायचा नाही, ॲलर्जीतज्ज्ञांकडेच जायचं. तसं कधीच झालं नसलं आणि उपचार नीट करूनही इसब हटत नसला, तर एका वेळी एकच पदार्थ (तान्ह्यांत बहुधा दूध किंवा अंडं) चार-सहा आठवडे थांबवून, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली परत देऊन बघतात. परत देणं हा चाचणीचा अर्धा भाग आहे, तोच बहुतेक घरांत राहून जातो.

उगाच बंद करण्याचा धोका वजनापुरता नाही. पचत असलेला पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला की शरीराची त्याबद्दलची सहनशीलता जाऊ शकते, आणि परत दिल्यावर तीव्र रिॲक्शन येऊ शकते. म्हणून चार महिने बंद असलेली यादी स्वतःच्या मनाने एकदम सुरू करू नका. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली निकाल आलेल्या 'लीप' चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास झाला. ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केलेल्या बाळांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी, तो टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. ज्यांच्या घरी अजून वरचं खाणं सुरू व्हायचं आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. बाळाचा इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून, मग अगदी बारीक कूट पेजेत किंवा दह्यात पातळ कालवून द्यायचं. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.

दोन दिवसांत इसब एकदम चिघळला. पिवळ्या खपल्या, पाणी सुटतंय. मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, 'यात तिन्ही औषधं आहेत' म्हणाला. लावू का? (आई, ठाणे)

लावू नका. 'तिन्ही औषधं' म्हणजे जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. मुलाच्या इसबाला यातल्या स्टेरॉइडची ताकद नको असते आणि उरलेली दोन बहुधा लागतच नाहीत. देशभर औषधांना दाद न देणारा नायटा फोफावण्यात या मिश्र क्रीमांचा मोठा हात आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी काउंटरवरून मिळतात, हे आपल्या मुलांचं दुर्दैव आहे.

पिवळ्या मधासारख्या खपल्या आणि ओल हे बहुधा स्टॅफिलोकोकस जंतूंच्या संसर्गाचं लक्षण. उद्यापर्यंत डॉक्टरांना दाखवा, अँटिबायोटिक लागू शकतं. इसबाचे नेहमीचे उपचार त्यांना विचारून चालू ठेवायचे.

वेगळी आणि जास्त घाईची गोष्ट आता सांगतो. एकाच आकाराचे बारीक फोड किंवा टोचून काढल्यासारखे गोल खड्डे झुबक्याने आले, ते दुखत असले, मूल तापलं किंवा मलूल झालं, तर तो नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याला एक्झिमा हर्पेटिकम म्हणतात. यात सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं. डोळ्याजवळ फोड असतील तर डोळ्यांचे डॉक्टरही लागतात. ओठावर जर (तापाचे फोड) आलेल्या कुणीही इसबाच्या बाळाचा मुका घेऊ नये, हे पाहुण्यांनाही सांगा.

इसब गेला तिथे पांढरे डाग राहिले आहेत. कोड आहे का? (आई, कोल्हापूर)

बहुधा नाही. सुजेमुळे रंग तयार होणं मंदावतं, डाग फिकट दिसतात पण खडूसारखे पांढरेफटक नसतात आणि कडा पुसट असतात. काही महिन्यांत रंग भरतो. दोष मलमाचा धरून उपचार सोडले जातात, ते होऊ देऊ नका. सावळ्या कातडीवर मुळात इसब लाल न दिसता तपकिरी, राखाडी किंवा जांभळट दिसतो, त्यामुळे त्याची तीव्रता कमी लेखली जाते. रंगापेक्षा जाडी, ओरखडे आणि झोप यांकडे पाहा.

रात्री खाज अनावर होते. खाजेचं सिरप देऊनही दोन-दोन तास रडते. 'वेट रॅप' घरी करता येतो का? मुलगी तीन वर्षांची. (वडील, नागपूर)

आधी एक खात्री करा. घरात आणखी कुणाला रात्रीच खाज येते का? मुलीच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर पुटकुळ्या आहेत का? असतील तर ती खरूज असू शकते किंवा इसबावर खरूज. तिचे उपचार वेगळे, आणि सगळ्या घराने एकाच दिवशी करायचे असतात.

खाजेच्या सिरपचा इसबाच्या खाजेवर उपयोग कमीच, कारण ते सिरप हिस्टामीन (ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) अडवतं आणि ही खाज मुख्यतः त्यामुळे नसते. गुंगी आणणारं सिरप डॉक्टर कधी दोन-चार रात्री झोपेपुरतं देतात, तेवढंच.

वेट रॅप घरी करता येतो, पहिल्यांदा दवाखान्यात शिकून घ्या. घट्ट बसणारे सुती कपडे लागतात: पूर्ण बाह्यांचे दोन बनियन, दोन पायजमे, हातांना मोजे. आंघोळीनंतर मॉइश्चरायझर भरपूर थापा. एक जोड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, ठिबकता कामा नये, आणि अंगात घाला. त्यावर लगेच कोरडा जोड. पंखा थेट अंगावर नको, खोली गार नको. दोन तासांपासून रात्रभर ठेवता येतो. वाळला की त्वचा आणखी सुकते, म्हणून मध्येच ओला करा किंवा काढून पुन्हा मॉइश्चरायझर लावा. बहुधा तीन ते सात रात्री पुरतात. पिवळी ओल, फोड किंवा ताप असताना करायचा नाही. आत स्टेरॉइड लावायचं की नाही, हे डॉक्टरच सांगतील, कारण ओल्या कपड्याखाली ते कितीतरी जास्त शोषलं जातं.

सगळं नीट करूनही फरक नाही. डॉक्टर सायक्लोस्पोरिनबद्दल बोलत आहेत. चार वर्षांच्या मुलाला एवढं जड औषध? आणि लसी द्यायच्या का? (आई-वडील, छत्रपती संभाजीनगर)

'नीट' किती नीट आहे, हे आकड्यात मांडून न्या. 'पोएम' नावाची सात प्रश्नांची पत्रिका आहे: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज, झोपमोड, रक्त, ओल, भेगा, सालपटं, कोरडेपणा. गुण ० ते २८. १७ ते २४ तीव्र, २५ पासून पुढे अतितीव्र. दर रविवारी भरा. महिन्यात किती नळ्या आणि किती मॉइश्चरायझर संपला तेही लिहा. हा कागद पाहून डॉक्टर दोन मिनिटांत ठरवू शकतात की औषध कमी पडतंय की औषधाचा उपयोगच होत नाही.

मधली एक पायरी राहिली नाही ना, हेही विचारा. टॅक्रोलिमस ०.०३ टक्के हे स्टेरॉइड नसलेलं, सूज उतरवणारं मलम दोन वर्षांपुढे देतात. चेहरा-पापण्यांसाठी ते खास उपयोगी, कातडी पातळ करत नाही. पहिले काही दिवस चरचरतं, म्हणून बरेच पालक तिसऱ्या दिवशी सोडतात. आधी सूज थोडी उतरवून मग सुरू केलं तर चरचर कमी होते.

एवढं करूनही मूल झोपत नसेल, वाढ खुंटत असेल, तर पोटातल्या औषधाला घाबरू नका. सायक्लोस्पोरिन रोगप्रतिकारशक्ती दाबून लवकर काम करतं, काही महिन्यांपुरतं देतात आणि त्या काळात रक्तदाब व किडनीची तपासणी ठरावीक अंतराने चुकवायची नसते. मेथोट्रेक्सेट हळू काम करतं पण स्वस्त आहे. ड्युपिलुमॅब इंजेक्शनला अमेरिकेत २०२२ पासून सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी परवानगी आहे. त्यात रोगप्रतिकारशक्ती सरसकट दबत नाही, अडचण किमतीची आहे. तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा सिरप मात्र वारंवार नको. बंद केल्यावर इसब उसळून येतो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या बिनलेबलच्या पुड्यांचंही तेच, त्यांत स्टेरॉइड किंवा शिसं-पारा सापडल्याची उदाहरणं आहेत.

लसी वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या द्या, इसबामुळे एकही टाळायची नाही. कांजण्यांची तर आवर्जून, कारण फुटलेल्या कातडीवर कांजण्या वाईट पसरतात. सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना मात्र जिवंत लसी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या) चालत नाहीत. म्हणून औषध सुरू होण्याआधीच लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा आणि राहिलेल्या लसी आधी घ्यायच्या का ते विचारा.

पॅराफिनचं मलम लावलेल्या मुलाला दिवाळीत फटाके उडवू द्यावेत का? (आई, डोंबिवली)

नको. मलम स्वतःहून पेटत नाही, पण ते मुरलेला कपडा ठिणगीने झपाट्याने पेटतो, आणि धुतल्यावरही त्याचा अंश कापडात राहतो. पणत्या, गॅस, देवघरातली समई, उदबत्ती यांच्यापासून अशा मुलाला लांब ठेवा, आणि त्याला मलम लावणाऱ्या मोठ्यांनीही आपल्या पदराची, ओढणीची तीच काळजी घ्यावी. फटाक्यांच्या धुराने इसब आणि दमा दोन्ही चिडतात, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या बंद ठेवा आणि झोपण्याआधी कोमट पाण्याने अंग धुऊन मॉइश्चरायझर लावा.